कोथिंबिरीला फुलू द्यावे

भाजीच्या वाफ्यात वासाची झाडे लावण्याचे पहिले कारण स्वयंपाकघरात आहे, ते सांगायला नको. दुसरे कारण वेळेचे. टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपे लावल्यापासून पहिले फळ हाती येईपर्यंत दोन-अडीच महिने जातात आणि त्यातला निम्मा काळ दोन ओळींमधली माती उघडी, तणाला आंदण दिलेली असते. मेथी २५ ते ३० दिवसांत खुडायला येते, कोथिंबीर ४० ते ४५ दिवसांत. टोमॅटोचा पसारा वाढून ओळी एकमेकींना भिडेपर्यंत ही दोन्ही पिके त्याच पाण्यावर आणि त्याच शेणखतावर निघून गेलेली असतात. तिसरे कारण मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही. फुलावर आलेली कोथिंबीर, शेपू आणि तुळस भाजीवरच्या किडींच्या शत्रूंना पोसतात. घरोघरी ही झाडे फुलायच्या आत खुडली किंवा उपटली जातात आणि त्यांच्या उपयोगाचा अर्धा भाग वाया जातो.

मिश्र लागवड या भागाला नवी नाही. गोव्याच्या कुळागरात माड-पोफळीच्या सावलीत केळ, केळीच्या खाली आले-हळद आणि पोफळीवर चढलेली मिरी अशी मजल्यांची रचना असते. कोकणातल्या घरामागच्या परसात मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, जरा पलीकडे कढीपत्ता, पडवीच्या कडेला गवती चहा हा ठरलेला थाट. देशावर पाणी कमी, म्हणून विहिरीच्या पाटालगत एखादा वाफा मेथी-कोथिंबिरीचा. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या कामातून घराभोवतीच्या वीतभर जागेवर पडणारे ऊनही पानांनी टिपले पाहिजे हा विचार मांडला आणि तो पुढे शहरातल्या गच्च्यांपर्यंत पोहोचला. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि पालापाचोळा कुजवून फळे-भाज्यांची बाग उभी केली, ती याच वाटेवरची. अलीकडे ‘उमेद’ अभियानातल्या बचत गटांच्या पोषण परसबागांमध्येही पालेभाज्या, वेलभाज्या आणि कढीपत्ता-शेवग्यासारखी झाडे एकत्रच दिसतात.

छोट्या बागेत मांडणी उन्हाकडे बघून करावी लागते. फळभाज्यांना रोज निदान सहा तास थेट ऊन लागते. त्याहून कमी उन्हात वांग्याचे झाड वाढते, पण फळ धरत नाही. पुदिना, कोथिंबीर, आले आणि गवती चहा यांचे तीन-चार तासांच्या उन्हातही भागते. म्हणून सर्वांत उघडी जागा फळभाज्यांना आणि भिंतीच्या सावलीतला पट्टा वासाच्या झाडांना, अशी वाटणी आपोआप होते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, सावल्या उत्तरेला पडतात. तेव्हा काकडीचा, वालाचा किंवा दोडक्याचा मांडव वाफ्याच्या उत्तर टोकाला घालावा. दक्षिणेला घातला तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळा वाफा अंधारात राहतो. मे ते जुलै हे दुखणे नसते, कारण त्या दिवसांत महाराष्ट्रात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. वाफ्याची रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको. दोन्ही कडांवर बसून मध्यापर्यंत हात पोहोचला पाहिजे. एरवी कोथिंबीर खुडायला वाफ्यात पाय पडतो आणि माती दबते.

दसऱ्याच्या सुमारास तयार केलेला चार बाय दहा फुटांचा वाफा घेतला, तर त्यात टोमॅटोच्या दोन ओळी ६० सेंटिमीटर अंतरावर बसतात, रोपांत ४५ सेंटिमीटर ठेवून. मधल्या मोकळ्या पट्ट्यात त्याच दिवशी मेथी फेकून पेरावी आणि एका बाजूला कोथिंबिरीची ओळ धरावी. दोन्ही कडांना लसणाच्या पाकळ्या टोचाव्यात. लसणाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचाच आहे आणि गड्डे भरायला चार-पाच महिने लागतात, पण घरच्या बागेत गड्ड्यांपेक्षा हिरवी पात जास्त कामाची. महिना झाला की मेथी उपटायची. मेथी शेंगवर्गीय; तिच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरणारे जिवाणू असतात. महिन्याभराच्या मेथीने जमीन फार श्रीमंत होत नाही, तरी उपटण्याऐवजी जमिनीलगत कापली तर मुळे जागेवर कुजून टोमॅटोलाच मिळतात. त्यानंतर टोमॅटोला मातीची भर, काठीचा आधार आणि पट्ट्यात वाळलेल्या पाल्याचे आच्छादन. कोथिंबिरीच्या ओळीतली बहुतेक झाडे दीड महिन्यात स्वयंपाकघरात जातात, मात्र वाफ्याच्या दोन टोकांची पाच-सहा झाडे हात न लावता ठेवायची.

कोथिंबीर उगवत नाही ही घरगुती बागकामातली सर्वांत जुनी तक्रार असावी. धण्याचा गोल दाणा म्हणजे एक बी नव्हे, ते फळ आहे. त्याच्या दोन फोडी असतात आणि प्रत्येक फोडीत एक बी. अख्खा धणा पेरला तर कवचातून पाणी आत जायला वेळ लागतो आणि उगवण मागेपुढे होते. म्हणून धणे फरशीवर किंवा गोणपाटावर पसरून लाटण्याने, नाहीतर चपलेच्या तळाने हलके रगडायचे. ‘कट्’ असा बारीक आवाज येतो आणि दाणा मधोमध फुटतो. चुरा झाला तर जोर जास्त झाला. या फोडी दहा-बारा तास पाण्यात भिजवून, निथळून, बोटाच्या पेराएवढ्या खोल ओळीत टाकायच्या आणि वर बारीक शेणखत पसरायचे. आठ ते पंधरा दिवसांत कोंब दिसतात. या काळात माती एकदाही सुकता कामा नये. पाणी झारीने द्यावे, नळी लावली की फोडी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतात आणि पुढे तिथे दाट जुंबाडा उगवतो. डब्यातले धणे बहुधा मसाल्यासाठी वाढवलेल्या वाणाचे असतात. ते उगवतात, पण लवकर फुलावर येतात. पाल्यासाठी बाजारात वेगळे बियाणे मिळते.

थंडी हा कोथिंबिरीचा हंगाम. फेब्रुवारीनंतर दिवस मोठा होतो, ऊन तापते आणि झाड पाने धरण्याऐवजी मधला दांडा वर काढते. रुंद पानांच्या जागी शेपूसारखी बारीक पाने येतात, त्यांचा वासही उग्र होतो. दांडा खुडून हे थांबत नाही, चार दिवस पुढे जाते इतकेच. उन्हाळ्यात कोथिंबिरीची जुडी महाग होते त्यामागे हेच आहे. घरी उन्हाळी कोथिंबीर हवी असेल तर ती वेलभाजीच्या मांडवाखाली, सकाळचे ऊन मिळेल अशा ठिकाणी, दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी आणि लहानपणीच खुडावी.

फुलावर आलेले झाड मात्र उपटू नये. कोथिंबीर, शेपू, बडीशेप, ओवा, गाजर ही सगळी एका कुळातली. यांची फुले छत्रीसारख्या तुऱ्यात येतात. प्रत्येक फूल इवलेसे आणि उघडे, मध अगदी वरच. ज्या कीटकांना लांब सोंड नसते त्यांच्यासाठी ही पंगत मांडलेली असते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊच्या सुमारास कोथिंबिरीच्या पांढऱ्या तुऱ्याजवळ पाच मिनिटे थांबले तर मधमाशीसारख्या पट्ट्यांची, पण दोनच पंख असलेली एक माशी हवेत एका जागी तरंगताना दिसते. ही माशी मध आणि पराग खाते, अंडी मात्र माव्याच्या वसाहतीत घालते. तिची अळी बिनपायांची, हिरवट-पांढरी, जळवेसारखी सरपटणारी. ती माव्याचा एकेक किडा धरून शोषते. ढालकिड्याचे, म्हणजे लाल-नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेल्या किड्याचे, तेच. त्याची अळी काळपट, लांबोळी, नारिंगी ठिपक्यांची आणि दिसायला भीतिदायक असते. बागेत नवखा माणूस तिलाच कीड समजून आधी चिरडतो आणि शेजारचा मावा तसाच राहतो. यांच्याहून बारीक, एक मिलिमीटरही न भरणाऱ्या गांधीलमाश्या याच तुऱ्यांवर मध पितात. त्यांतल्या ट्रायकोग्रामा या गटातल्या माश्या फळ पोखरणाऱ्या अळीच्या अंड्यात स्वतःची अंडी घालतात, मग त्या अंड्यातून अळी निघतच नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या याच माश्यांची कार्डे शेतकरी विकत घेऊन शेतात लावतात. घरच्या बागेत त्यांना टिकवायचे तर फुले लागतात.

तुळस आणि सब्जा यांच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या येतात. सातेरी, फुलोरी आणि पोयाची माशी या तिन्ही शहरातही दिसतात. काकडी, कारले, लाल भोपळा यांच्या नर आणि मादी फुलांची सोय सकाळच्या माश्यांवर अवलंबून असते, तेव्हा मांडवाजवळ मंजिरीवर आलेली तुळस ठेवणे फायद्याचे. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, त्यांच्याकडे पतंग येतात. तिथे तुळशीचा भरवसा धरू नये. चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीत दुधी लागत नसेल तर संध्याकाळी नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलावर हाताने लावावा.

शेजारच्या झाडाने भाजीचे रक्षण होते, याचे सर्वांत नीट तपासलेले उदाहरण झेंडूचे आहे. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ अशी पद्धत दिली. झेंडूचे रोप ४० दिवसांचे आणि टोमॅटोचे २५ दिवसांचे असताना दोन्ही एकाच दिवशी लावतात, म्हणजे टोमॅटो फुलावर येताना झेंडूही कळीवर येतो. फळ पोखरणाऱ्या अळीचा मादी पतंग मग टोमॅटोपेक्षा झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालणे पसंत करतो. परसबागेत १६ ओळी नसतात. दहा-बारा टोमॅटोंमागे एक-दोन झेंडू पुरतात. पण सापळा लावला की तो रिकामा करावा लागतो. किडलेली फुले खुडून नष्ट केली नाहीत तर झेंडूवर वाढलेली अळी तिथेच कोषात जाते आणि पुढची पिढी टोमॅटोवर उतरते. दसऱ्या-दिवाळीला तोरणासाठी फुले काढली जातात त्या घरांत हे काम परस्पर होऊन जाते. कोबीसाठी याच संस्थेची शिफारस मोहरीची: कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन, एक कोबी लावण्याच्या १५ दिवस आधी आणि दुसरी २५ दिवसांनंतर. कोबीची पाने चाळणीसारखी करणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे ओढला जातो. मोहरी पेरायला मसाल्याच्या डब्यातली चिमूटभर पुरते.

झेंडूच्या मुळांतून अल्फा-टरथायनिल हे द्रव्य जमिनीत उतरते आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना ते मारक ठरते, हेही सिद्ध झालेले आहे. मात्र त्यासाठी सबंध वाफ्यात झेंडू दाट लावून एक हंगाम ठेवावा लागतो. कोपऱ्यातला एक झेंडू सगळ्या वाफ्याची माती शुद्ध करतो, ही समजूत खरी नाही.

अशा समजुती भरपूर आहेत. टोमॅटोशेजारी तुळस लावली की टोमॅटोची चव सुधारते, लसूण शेजारी असला की कुठलीच कीड फिरकत नाही, अशा याद्या हातोहात फिरतात. त्यांतल्या कित्येक युरोपातल्या बागांवरून उचललेल्या असतात. तीव्र वासाने पांढऱ्या माशीसारख्या किडीला आपले झाड शोधायला वेळ लागतो, इतपत तथ्य त्यांत आहे. बाकीचा बराचसा हौसेचा भाग. उलट तुळशीला पिठ्या ढेकूण लागला तर तीच शेजारच्या वांग्याला आणि जास्वंदीला तो देते. वृंदावनातली तुळस आहे म्हणून तिच्याकडे कौतुकाने बघत बसू नये, पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसला की ती फांदी कापावी आणि उरलेल्या झाडावर साबणाच्या सौम्य पाण्याचा फवारा मारावा.

वाफ्यात अजिबात न घालायची झाडे मोजकीच. पुदिना त्यांत पहिला. बाजारातून आणलेल्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात मुळे फुटतात, इतके ते सोपे झाड. पण त्याचे धावते खोड जमिनीखालून पसरते आणि वर्षाच्या आत वाफा ताब्यात घेते. त्याला पसरट कुंडी किंवा तळाला भोके पाडलेले जुने घमेले द्यावे, नळाजवळ, अर्ध्या सावलीत. गवती चहाचा थोंब वाफ्याबाहेर, उताराच्या कडेला लावावा. त्याची पाती तीन-चार फूट होतात, कडा धारदार असतात आणि दाट मुळे पावसात माती धरून ठेवतात. दोन-तीन वर्षांनी थोंब खणून त्याचे ठोंब वेगळे करावे लागतात, नाहीतर मधला भाग वाळतो. कढीपत्त्याचे पुढे झाड होते, म्हणून ते हद्दीला. त्याचे पिकलेले काळे फळ मिळाले तर गर धुऊन बी ताबडतोब पेरावे, सुकवून ठेवलेले बी उगवत नाही. जुन्या झाडाच्या मुळांवरचे फुटवेही मुळासकट काढून लावता येतात. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले, तेव्हा लिंबावरच्या फुलपाखराची अळी दोन्हीवर येते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी असते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. हाताने वेचली की काम भागते. आंबट ताक घालायची पद्धत घरोघरी आहे, त्याने झाडाचे काही बिघडत नाही.

ओव्याचे पान म्हणून ज्याची भजी करतात ते मसाल्यातल्या ओव्याचे झाड नाही. जाड, लवदार, मांसल पानांची ती वेगळीच, तुळशीच्या कुळातली वनस्पती; तिची काडी टोचली की लागते. तिला आणि मरव्याला पाणी कमी लागते. वाफ्याला रोज पाणी मिळते, तिथे दोन्हींची मुळे कुजतात आणि जगलीच तर पाने मोठी पण वास फिका होतो. दोन्ही स्वतंत्र कुंडीत, निचऱ्याच्या मातीत, शेणखत बेताने घालून ठेवावीत. झाडाला किती पाणी लागते यावरून शेजार ठरवला की निम्मे प्रश्न येतच नाहीत.

पावसाळ्याची मांडणी वेगळी असते. आले आणि हळद यांचे कोंब फुटलेले तुकडे अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत लावतात, काढणी आठ-नऊ महिन्यांनी. मधल्या काळात दोन्ही अर्ध्या सावलीत खुशाल असतात, म्हणून जूनमध्ये लावलेल्या भेंडीच्या किंवा तुरीच्या ओळींमध्ये त्यांची जागा आहे. हळदीची पाने ऑगस्टपर्यंत हातभर होतात; कोकण-गोव्यात नागपंचमीला आणि गणपतीत पातोळ्यांना ती लागतातच. एका थोंबाची एक-दोन बाहेरची पाने काढली तर कंदाचे नुकसान होत नाही. कोकणातल्या झडीत कोथिंबीर-मेथी उघड्यावर टिकत नाही, पाने कुजतात. वळचणीबाहेरच्या उंच गादीवाफ्यावर, वर प्लॅस्टिक ताणून थोडीफार येते. रोझमेरी, थाइम, सेज ही भूमध्य समुद्राकाठची झाडे तर कोरड्या उन्हाळ्याची सवय असलेली. पुण्यात ती कुंडीत खडीमिश्रित मातीत तग धरतात, मुंबई-रत्नागिरीच्या पावसात त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. इटालियन बेसिल मात्र चांगली येते, कारण ती आपल्या सब्जाचीच जात आहे.

गच्चीवरच्या बागेत आधी वजनाचा हिशेब. एक चौरस मीटर वाफ्यात फूटभर ओली माती भरली तर तिचे वजन ५०० किलोच्या आसपास जाते. माणसांच्या वावराच्या सपाट गच्चीसाठी बांधकामात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. म्हणून गच्चीवर मातीऐवजी पालापाचोळा, उसाचे चिपाड, नारळाचा भुसा आणि कंपोस्ट यांचे हलके मिश्रण वापरतात, आणि जड पिंपे तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवतात. इथे वासाची झाडे फार सोयीची पडतात. मेथी, कोथिंबीर, पुदिना यांना सहा इंच खोली पुरते, त्यामुळे फळांच्या लाकडी खोक्यांतही ती होतात. टोमॅटो-वांग्याला फूटभर खोली हवी. मोठ्या पिंपात मध्ये टोमॅटो आणि कडेने मेथी ही जोडी चालते. पिंपात मिरची आणि पुदिना एकत्र लावले तर मिरची हरते.

भाजी आणि कच्ची खायची पाने एकाच वाफ्यात आली की फवारणीचे स्वातंत्र्य संपते. रासायनिक कीटकनाशकाच्या डब्यावर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेले असते. टोमॅटोसाठी छापलेले दिवस शेजारच्या कोथिंबिरीला लागू होत नाहीत, आणि ती तर रोज खुडली जाते. अशा वाफ्यात निंबोळी अर्क हीच मर्यादा समजावी. ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून पिळून एक लिटर द्रावण करायचे, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारायचे. फुललेले तुरे टाळायचे. फवारलेला पाला आठवडाभर खुडू नये, कडूपणा राहतो. मोरीचे साबणाचे पाणीही कच्च्या पानांच्या ओळीत सोडू नये. ते केळीला किंवा अळवाला.

फुलू दिलेल्या झाडांचे शेवटी बी होते. कोथिंबिरीचे तुरे हिरव्याचे तपकिरी होऊ लागले की सकाळी, दव असताना कापावेत; दुपारी कापले तर दाणे झडतात. कागदी पिशवीत उलटे टांगून आठ-दहा दिवस सावलीत वाळवावेत. कोथिंबिरीचे परागण कीटक करतात, त्यामुळे दोन वाण शेजारी असतील तर बी मिसळते. मेथीचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून तिचे घरचे बी वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहते. उशिरा फुलावर आलेल्या झाडांचेच बी धरावे. सर्वांत आधी दांडा काढणाऱ्या झाडाचे बी पुढच्या वर्षीही तशीच घाई करते. ते फोडणीला किंवा कढणाला वापरावे. शेपूचे बी म्हणजे बाळंतशोपा. त्याचे दोन-तीन तुरे पिकू दिले तरी घरापुरते मिळते आणि झडलेले दाणे पुढच्या पावसानंतर वाफ्यात आपोआप उगवतात.